बोरिंगच्या पूर्वेस, पाराला लागून

होळीच्या आधीच्या बुधवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या चौकातल्या बोरिंगजवळ बसून बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या मावशीला तिच्या जागेवरून उठवलं. वेळ मला नक्की माहीत आहे. साकोलीची गाडी तेव्हाच चौकात येते, आणि त्या दिवशी ती नगरपरिषदेच्या ट्रॅक्टरमागे अडकून हॉर्न वाजवत उभी होती. मावशीचं वय साठीच्या पुढे. त्या जागेवर ती 'लगन होऊन आली तवापासून' बसत होती. तिच्याआधी तिची सासू बसायची.

अन्याय कोणावर आणि कधी झाला हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे, असं मला पत्रकं लिहिताना शिकवलं होतं. दुसऱ्या ओळीत, तो कोणी केला. आतापर्यंतच्या माझ्या पत्रकांत ही दुसरी ओळ सोपी असायची. प्रशासन, कंत्राटदार, लोकप्रतिनिधी, यातलं एक काहीतरी लिहून मोकळं व्हायचं. या वेळी त्या ओळीत मीही आहे. म्हणून हे पत्रक म्हणून छापलं नाही.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला त्याच वर्षी माझा जन्म. बाबा एसटीत कंडक्टर. ते म्हणायचे, "तू आली अन् जिल्हा फुटला. तवापासून काई ना काई फोडूनच राहिली तू." आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नगरपरिषद आहे म्हणून शहर म्हणायचं. चार रस्ते जिथे मिळतात तिथे एक पिंपळ, त्याला दगडी पार, पाराच्या अंगाला बोरिंगचा हातपंप. लहानपणी मी बाबांची वाट पाहत त्याच पारावर बसायचे.

वर्षातले दहा महिने ही नुसती रस्ते मिळण्याची जागा असते. माघ संपला की तिचा चौक होतो. आधी पिंपळाची पानं झडतात आणि पाराला आठ-पंधरा दिवस सावलीच राहत नाही. मग एका आठवड्यात फांद्यांना तांबूस पालवी फुटते, आणि खालीही माणसं वाढायला लागतात. उन्हाळी धानाच्या निंदणीला जाणाऱ्या बाया सकाळी सहालाच डोक्याला फडकी बांधून पिकअपची वाट पाहत उभ्या राहतात. रसवंतीवाला चरकाला घुंगरू बांधतो. साखरेच्या गाठ्यांच्या माळा दुकानांच्या दारात लटकतात. सायकलच्या हँडलला पळसाचे तुरे दिसतात. लग्नाच्या खरेदीसाठी आख्खं घर उतरतं, अगदी आजीसकट, आणि चपलेच्या दुकानापुढे भांडत बसतं. एकोडीकडची, जंगलाकाठच्या गावांतली माणसं मात्र सरळ बोरिंगजवळ यायची. मोहाची फुलं पडायला लागायच्या आत ती वेचायला त्यांना टोपल्या हव्या असायच्या. गेल्या वर्षीच्या टोपलीचं बूड तोपर्यंत गेलेलं असतं.

त्या दिवसांत मावशी मान वर करत नसे. हिरवा बांबू चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, कामट्या बोरिंगच्या नळाखालच्या टाक्यात भिजत घालायच्या. ओली कामटी वळते. सुकली की कडकन तुटते, मग तिचं काही होत नाही, चुलीत घालायची. म्हणून पाणी हाताशी लागतं आणि अंगावर ऊन चालत नाही. बोरिंग आणि पिंपळ यांच्यामधली ती दहा-बारा फूट जागा तिच्या सुरीइतकीच तिचं हत्यार होती. ही गोष्ट मला तेव्हा कळत होती. मी ती निवेदनात लिहिलीसुद्धा. पुढचं सगळं त्या लिहिण्यातूनच आलं.

तोंडाची मात्र मावशी खमकी. एकदा लग्नाचं सूप घ्यायला आलेली एक बाई नाक मुरडून म्हणाली, "आता तं प्लास्टिकचं सूप भेटते, मावशी. धुवाले सोपं."

"मंग नवरी बी प्लास्टिकचीच आना न," मावशी म्हणाली. "तेबी धुवाले सोपी."

निंदणीच्या बाया इतक्या हसल्या की पिकअपवाल्याला हॉर्न द्यावा लागला.

हातावर पोट असणाऱ्यांच्या संघटनेत मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिथले एक दादा मला पत्रक लिहायला शिकवायचे. त्यांचा नियम एकच, मागणी मोघम नको. "विक्रेत्यांच्या समस्या असं लिहिलं का साहेब चहा पाजून वापस धाडते," ते म्हणायचे. "कोण बसते, कुठी बसते, कवापासून बसते, तंतोतंत लिव. मंग त्याले पळाले जागाच राहत नाई." चौकात बसणाऱ्या बायांसाठी आम्ही तीन गोष्टी मागणार होतो. पत्र्याची शेड, प्यायचं पाणी आणि मुतारी. मुतारी नाही म्हणून त्या बाया सकाळपासून पाणी पीत नसत. मार्चच्या उन्हात. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

मी यादी केली. रेघा आखून पाच रकाने पाडले: अनुक्रम, नाव, धंदा, बसण्याची जागा, सही किंवा अंगठा. तीन दिवस सकाळी सहा ते नऊ मी चौकात फिरले. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा मला तेव्हा अभिमान होता. 'बसण्याची जागा' हा रकाना मी फार मन लावून भरला. 'औषधाच्या दुकानासमोर' असं ढोबळ नाही, 'औषधाच्या दुकानाच्या पायरीपासून उत्तरेस, विजेच्या खांबाखाली' असं. दादांनी सांगितलं होतं, तंतोतंत.

चहाच्या टपरीवाल्या काकांनी सही दिली नाही.

"मले नको. कागदावर नाव आलं का माणूस सापडते."

"काका, हक्काची गोष्ट आहे ही. चोरी थोडी आहे?"

"हक्क तुले पायजे तं तू घे न, पोरी. चहा घेते का?"

मी चहा घेतला नाही. वर 'तुमच्यासारख्या भित्र्या लोकांमुळेच काही होत नाही' असं पाच माणसांत सुनावून आले.

मावशीपुढे मी शाईचं पॅड उघडून धरलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते लगेच मिटलं.

"अंगठा कायले? मी सही करतो."

साक्षरतेच्या वर्गात ती नाव लिहायला शिकली होती. हात लुगड्याला पुसून तिनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर कामटी बसवावी तसं बसवलं. मागं बाया खोळंबल्या होत्या. "आटप न वो, गाडी जाते आमची." मावशीनं आटपलं नाही. सही झाल्यावर म्हणाली, "आता वाच बरं. माही जागा का लिवली?"

"बोरिंगच्या पूर्वेस, पाराला लागून."

"बराबर आहे. माह्या सासूचीबी तेच होती."

एकतीस नावं झाली. नगरपरिषदेत निवेदन दिलं, कचेरीच्या पायरीवर फोटो काढला, पेपरात बातमी आली. आमच्या यादीसकटच्या प्रतीवर आवक विभागानं निळा शिक्का मारून दिला. त्याला पोहोच म्हणतात. निवेदन मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या झेरॉक्स काढून मी सगळ्यांना वाटल्या. मावशीनं ती बाजारात नेऊन लॅमिनेशन करून आणली आणि बांबूच्या मोळीमागे उभी करून ठेवली.

"आता कोणी उठवनार नाई न?" तिनं विचारलं.

हा कागद म्हणजे परवाना नाही, एवढं मला तेव्हा सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "उठवून तं पाहू दे कोणाले!" पत्रकाची सवय. तोंडातून वाक्य निघतं तेच उद्गारचिन्हासकट.

पुढं चौकाचं सौंदर्यीकरण मंजूर झालं. कारंजं, रंगीत फरशी, विजेचे शोभेचे खांब. आणि एके सकाळी मावशी हातात कागद घेऊन आमच्या दारात आली. हसत होती.

"पोरी, शेड आली का व? माह्या नावाचा कागद आला."

नगरपरिषदेची नोटीस होती. सात दिवसांत जागा मोकळी करा, नाहीतर साहित्य जप्त होईल. अनुक्रम सतरा, माझ्या यादीतला मावशीचा अनुक्रमही सतराच. खाली अतिक्रमणाचं ठिकाण टाइप केलेलं होतं: बोरिंगच्या पूर्वेस, पाराला लागून. माझं वाक्य, स्वल्पविरामासकट.

मी तिला वाचून दाखवलं. तिनं नोटिशीवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्यायच्या कागदावर शिक्का आहे, तं आपल्याबी कागदावर शिक्का आहे न? अन् आपला पयला आहे."

मी म्हटलं, "मी जातो कचेरीत. मी पाहतो."

कचेरीत साहेब दौऱ्यावर होते. अतिक्रमणाचं टेबल सांभाळणारे बाबू होते, ओळखीचेच, बाबांच्या गाडीनं रोज येणारे. वाईट माणूस नाही. उलट मला पाहून खूश झाले.

"या, मॅडम. तुमची यादी लय कामी आली. आम्हाले मोजणी कराले पंधरा दिवस लागले असते, अन् लोकं नावं सांगत नाई. तुम्ही तं सर्व्हेच करून देल्ला. सहीसकट!"

"ती यादी शेडसाठी होती."

"हो न. शेडची मागणी बांधकामकडे गेली. यादी आमच्याकडे आली."

"मग मी निवेदन वापस घेतो."

त्यांनी चष्मा काढला. मनापासून समजावून सांगितलं. "आवक झालेला कागद वापस नाई होत, मॅडम. नंबर पडला त्याले. तुम्ही असं करा, नवीन निवेदन द्या. बायायले हटवू नका म्हणून."

"दिलं तर होईल?"

"द्या तं खरं." मी उठले तेव्हा ते मागून म्हणाले, "अन् सोबत यादी जोडसान. त्याबिगर वजन नाई राहत."

दुसऱ्यांदा गेले तेव्हाही साहेब नव्हते. तिसऱ्यांदा होते. म्हणाले, बायांना पर्यायी जागा दिली आहे, विकासाला विरोध करू नका. दादा म्हणाले, चूक तुझी नाही, व्यवस्थेची आहे. ते खरंही असेल. पण सतरा क्रमांकाच्या बाईला जाऊन हे वाक्य कसं सांगायचं, ते त्यांनी मला शिकवलं नव्हतं. आम्ही चौकात धरणं धरलं. नऊ माणसं बसलो, त्यातली चार माझ्या घरची. होळीचा बाजार ऐन रंगात होता. लोक आम्हाला वळसा घालून पिचकाऱ्या घ्यायला जात होते. एकीनं माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि त्यात गाठ्या बांधून नेल्या.

मग तो बुधवार. सात चाळीस.

बाकीच्या बाया आदल्या दिवशीच उठल्या होत्या. डोक्यावर मावतं तेवढंच त्यांचं दुकान. मावशी बसली होती. टाक्यात कामट्या भिजत होत्या, मांडीवर अर्धी टोपली. ट्रॅक्टर आला, मागं ट्रॉली, चार माणसं, आणि हातात कागद घेतलेला अतिक्रमण पथकाचा प्रमुख. मी धावत गेले तोवर मावशी उभी राहून लॅमिनेशन केलेली पोहोच त्याच्यासमोर धरून होती.

"पाय न, साहेब. शिक्का तुमचाच आहे. तुमच्या आधीचा आहे."

त्यानं ती हातात घेतली. मला वाटलं फेकेल. फेकली नाही. नीट वाचली, बोट फिरवत सतराव्या ओळीपर्यंत आला, मग आपल्या हातातल्या कागदावरची सतरावी ओळ पाहिली. जुळली. माणसांना म्हणाला, "हेच आहे. बोरिंगच्या पूर्वेस. उचला."

मी मधे उभी राहिले. ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. जे पाठ होतं तेच ओरडले असणार. एकानं मला, "बाजूले हो न वो ताई, लागन तुले," म्हणत दंडाला धरून पारावर बसवलं. अगदी हलक्या हातानं. त्या हलकेपणाचा मला अजून राग आहे. त्यांच्यातल्याच एकानं टोपल्या एकात एक घालून नीट रचल्या, बूड दबू नये म्हणून. मावशी एवढंच म्हणत होती, "एवढा काठ बांधू द्या. एवढा एक काठ बांधू द्या, मंग मीच उठतो." टाक्यातल्या कामट्या त्यांनी उपसून ट्रॉलीत टाकल्या. पाणी रस्त्याच्या उतारानं गेलं. साकोलीची गाडी हॉर्न देत होती. ड्रायव्हर बाबांचा मित्र. त्यानं मला पाहिलं आणि हॉर्नवरचा हात काढला. तेवढंच तो करू शकत होता, आणि तेवढंही मला करता आलं नव्हतं.

टपरीवाले काका जागेवरच होते. त्यांची टपरी अजूनही तिथेच आहे, कारण ती कुठल्याच यादीत नाही. औषधाच्या दुकानाची पायरी रस्त्यावर चार फूट आली आहे, तीही यादीत नाही. काकांनी मला टोमणा मारला नाही. चहा आणून पारावर ठेवला. मी वाट पाहत होते की त्यांनी काहीतरी लागेल असं बोलावं. ते दुसरा चहा गाळायला गेले.

पर्यायी जागा म्हणजे आठवडी बाजाराच्या मागचं उघडं मैदान. चुन्यानं चौकोन आखलेले. मी होळीनंतर गेले. मावशी सतरा नंबरच्या चौकोनात बसली होती, डोक्यावर साडीचा तुकडा चार बांबूंना बांधून. पाण्याची टाकी तिथून तीनशे पावलांवर. घागर डोक्यावर आणायची, घमेल्यात ओतायची, कामट्या बुडवायच्या. दहा वाजेतो पाणी कोमट, बारा वाजेतो तळाला. तिनं माझ्यासमोर एक कामटी वळवायला घेतली. तुटली. दुसरी घेतली. तुटली. तिसरी तिनं घेतली नाही.

"एकोडीची लोकं आली होती," ती म्हणाली. "बोरिंगपाशी पायलं म्हने, नाई दिसली. प्लास्टिकचे टब घेऊन गेले."



"तू मनाले लावून घेऊ नको. तू तं चांगल्यासाठीच लिवलं." मग तिनं गुडघ्यावर हात टेकून माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ, जसं शिकलेल्या माणसाकडे पाहतात. "पर मले एक सांग. आता कोठी सही करू?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. ती पेन घ्यायला तयार होती. मी तीन वर्षांत शेकडो पत्रकं वाटली आहेत, माईकवर बोलले आहे, साहेबांच्या टेबलावर हात आपटला आहे. त्या चुन्याच्या चौकोनातून मी उठले. मी तिची घागर भरून आणली. परत येईतो ती तुटलेल्या कामट्यांची मोळी बांधत होती, जाळायला.

आणि चौक? चौक छान झाला आहे. खोटं कशाला सांगू. बोरिंगचा दांडा काढून तिथं कारंजं बसवलं. त्याच्यापुढं 'आय लव्ह'चा लाल बदाम आणि गावाच्या नावाची उजळणारी अक्षरं. पिंपळ पालवीनं भरला आहे, सकाळच्या उन्हात तांब्यासारखा दिसतो. चौदा एप्रिलसाठी आमच्याच वस्तीतल्या पोरांनी निळी तोरणं या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधली, तेव्हा माझाही ऊर भरून आला, आणि दुसऱ्याच क्षणी माझी मलाच शरम वाटली. लग्नाची खरेदी जोरात आहे. माणसं कारंज्यापुढं फोटो काढतात. माझी आईसुद्धा म्हणाली, "काई म्हन, आता बरं वाटते चौकात." आईचं काय चुकलं? तिला बसायला बाक मिळाला. सावली तीच, फक्त त्या सावलीत काम करणारं कोणी नाही. आणि ती मुतारी? नाही झाली. ती फाइल अजून बांधकामकडे आहे.

मावशीनं बांबू घेणं बंद केलं. परवा सकाळी सहाला मी तिला पाराजवळ पाहिलं. डोक्याला फडकं, हातात विळा, निंदणीच्या बायांत उभी. या वयात चिखलात वाकायला. पिकअपमध्ये चढताना एका बाईनं तिला वर ओढून घेतलं. माझ्याकडे पाहून तिनं हात केला. मी पण केला. गाडी गेली.

या लिखाणात एकही नाव नाही, ना माणसाचं, ना आमच्या गावाचं. नावं लिहून मी काय केलं ते तुम्ही वाचलंच आहे. पण तुमच्या गावात असा चौक नाही, असं मला सांगू नका. यंदाच्या वसंतात तिथून कोण उठलं आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांच्याकडून काही ना काही विकत घेतलेलं आहे.

म्हणून हळहळू नका, आणि हे वाचून मला शाबासकी तर मुळीच देऊ नका. उद्या कचेरी उघडली की जा. कोऱ्या कागदावर लिहा की बसणाऱ्यांना त्यांच्या जागा, पाणी आणि सावलीसकट परत द्या. त्यांची नावं लिहू नका. त्या कुठे बसतात ते लिहू नका. कोणाचा अंगठा घेऊ नका. खाली तुमचं नाव लिहा, तुमच्या घराचा पत्ता लिहा, तंतोतंत, आणि सही करा.